गुडघ्याच्या गोळ्या

४ फेब्रुवारी, रविवार

अगं,

पत्राची सुरुवात कशी करावी यातच अर्धी सकाळ गेली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तुला नावाने हाक मी कधी मारलेली नाही. आता कागदावर एकदम नाव घातलं तर तुला वाटेल कोर्टाची नोटीस आली. म्हणून नेहमीचंच, अगं.

फोनवर आपलं जमत नाही. तुझी ताई उचलते, 'देते हं' म्हणते, तू येतेस, मी 'बरी आहेस ना' विचारतो, तू 'हं' म्हणतेस, आणि मग तिकडचा पंखा मला ऐकू येत राहतो. पोरगी हॉस्टेलवरून विचारते, आई मावशीकडे अजून किती दिवस? मी सांगतो, मावशीचं ऑपरेशन झालंय, तिला सोबत हवी. ती 'अच्छा' म्हणते. मावशी केव्हाच जिने चढायला-उतरायला लागली आहे, हे तिला माझ्याआधी कळलेलं असणार.

घर जागेवर आहे. मोरीतला नळ गळत होता, तो दुरुस्त केला. तुझ्या कुंड्यांपैकी एक गेली, बाकीच्या आहेत. सकाळी अंडी उकडतो, संध्याकाळी भात लावतो. कुकरच्या शिट्ट्यांकडे लक्ष राहत नाही, त्यामुळे कधी भात होतो, कधी लगदा. दोन्ही खातो. चवीत मला फारसा फरक कळत नाही हल्ली.

आता मुद्द्याचं. तू निघालीस तेव्हा दारात उभी राहून एकच विचारलंस, 'दुसरी कोणी आहे का?' मी खाली वाकून चपला शोधत राहिलो. चपला पायातच होत्या. तुझी बॅग स्टँडपर्यंत आणली, खिडकीची जागा धरून दिली, पाण्याची बाटली दिली, आणि बस सुटेपर्यंत तोंडात मिठाची गुळणी धरून उभा राहिलो.

त्या प्रश्नाचं उत्तर, नाही. कोणी नाही आणि नव्हती.

मग त्या गोळ्या कशाच्या, असं तू म्हणशील. म्हणायलाच हवं. माझी कंबर जरा धरते आहे बरेच दिवस, त्यासाठी डॉक्टरांकडे जात होतो. बाकीचं सवडीने लिहितो.

मी


१३ फेब्रुवारी, मंगळवार

अगं,

कंबर धरत नाही. कंबरेला काहीही झालेलं नाही.

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि परत येताना स्वतःलाच म्हटलं, एवढा कागद खर्च केला आणि शेवटी थाप मारली. म्हणून आज कामावर गेलो नाही, पोट बिघडलंय सांगितलं. म्हणजे एक थाप निस्तरण्यासाठी दुसरी.

दुखतं ते लघवीच्या जागी. लिहिलं बघ. टोकाला जळजळ होते, जणू नुकतीच तिखटाच्या हाताने लघवी केली. आणि मागे, बसताना आपण ज्यावर बसतो तिथे, कुणीतरी अंगठा दाबून धरल्यासारखं वाटतं. अंगठा रात्रंदिवस तिथेच. कधी कमी, कधी जास्त, पण जात नाही. लघवी करून आलो की पुन्हा जावंसं वाटतं, आणि गेलो की येत नाही. बाहेरून पाहिलं तर काहीच दिसत नाही. फोड नाही, सूज नाही, रंग नाही. दाखवायला काही असतं तर दाखवलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खरं आहे का, माहीत नाही. हे दीड वर्ष चाललंय.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो नाही. त्यांच्याकडे तू जातेस, त्यांची कंपाउंडर बाई तुझ्याशी अर्धा तास बोलते. म्हणून गावाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे कुणी ओळखत नाही अशा एका दवाखान्यात गेलो. त्या डॉक्टरने टेबलाच्या पलीकडूनच विचारलं, बाहेर कुठे संबंध आला होता का? मी नाही म्हटलं. तो म्हणाला, सगळे आधी नाहीच म्हणतात. माझ्याकडे न बघता त्याने गोळ्या लिहिल्या आणि सांगितलं, दोघांनी घ्यायच्या, नाहीतर तुमचं तिला आणि तिचं तुम्हाला असं चालूच राहील.

मी वाद घातला नाही. वाटलं, तो शिकलेला आहे, असेलही काहीतरी, कुठल्या तरी घाणेरड्या संडासात लागलं असेल. पण तुला काय सांगणार? तुझे गुडघे तेव्हा कुरकुरत होते. मी पाकीट काढून नुसत्या गोळ्या हातावर ठेवल्या आणि म्हटलं, हाडांच्या आहेत, साइटवर डॉक्टर आला होता, त्याने वाटल्या.

तू काही विचारलं नाहीस. जेवण झाल्यावर रोज पाण्याबरोबर घेतल्यास. आठवड्याने म्हणालीस, अहो, गुडघे खरंच हलके वाटतायत. मला तेव्हा शरमेने मेल्यासारखं व्हायला हवं होतं. झालं नाही. मला एवढंच वाटलं की चला, कोर्स पुरा झाला.

पुढे काय झालं ते तुला माहीत आहे. गुडघ्यांना गुण आला म्हणून तू मी फेकलेली रिकामी पट्टी कचऱ्यातून काढून मेडिकलवर गेलीस. दुकानदार चार माणसांसमोर काय म्हणाला ते मी तुझ्याच तोंडून ऐकलं. 'वहिनी, या गुडघ्याच्या नाहीत. या नवरा-बायकोने मिळून घ्यायच्या असतात.' तू ते सांगितलंस, पट्टी टेबलावर ठेवलीस आणि कणीक मळायला घेतलीस.

गोळ्यांनी मला काही फरक पडला नाही. हे आधीच लिहायला हवं होतं.

मी


२५ फेब्रुवारी, रविवार

अगं,

तुझ्या ताईने फोनवर सांगितलं, पत्रं पोचली. तू वाचलीस का, असं विचारायचं माझ्या जिवावर आलं. तिनेही सांगितलं नाही.

साइटवर विसावा मजला चालू आहे. मी सकाळी क्रेनच्या शिडीने चढतो ते जेवणाच्या सुट्टीलाच उतरतो. तुला माहीत आहे, आमच्यात मधेच लघवीला उतरणारा माणूस म्हणजे हसण्याचा विषय. एकाला तर 'गळका नळ' असं नावच पडलं होतं, ते त्याला कंपनी सोडेपर्यंत चिकटलं. काही जण वर बाटली ठेवतात. मला ते कधी पटलं नाही. मी सकाळपासून पाणीच पीत नाही. वीस वर्षं हे जमलं, याचा मला अभिमानही होता. आता तो कशाचा होता ते आठवत नाही.

दुसऱ्या डॉक्टरकडे मी तू असतानाच गेलो होतो. पोरीच्या फीचं बघायला जातो म्हणून त्या शनिवारी निघालो, तो तिकडे गेलो. तिथली नंबर लावणारी पोरगी दारात येऊन मोठ्याने म्हणाली, गुप्तरोगवाले कोण? आम्ही सहा-सात पुरुष बसलो होतो. कुणीच उठेना. सगळे मोबाइलमध्ये. शेवटी एक म्हातारा उठला आणि म्हणाला, मीच जातो, मला काय लाज. सगळे हसले, मीही हसलो. तेवढंच एक बरं झालं त्या दिवशी. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, काही नाही हो तुम्हाला, वय झालं की मनात असलं येतं, टेन्शन घेऊ नका, बायकोला वेळ द्या. झोपेच्या गोळ्या दिल्या.

बायकोला वेळ द्या. आता ते लिहितो, जे लिहायला बसलो आणि दोनदा उठलो.

मी बाहेरच्या खोलीत खाट टाकली, तेव्हा तुला सांगितलं की पहाटे उठावं लागतं, तुझी झोप मोडते. तू म्हणालीस, इतकी वर्षं नाही मोडली ती. खरं कारण असं की आपण जवळ आलो की नंतर दोन-तीन दिवस मला बसवत नव्हतं. वर क्रेनच्या केबिनमध्ये तर बसायचंच असतं. सुरुवातीला मी दात दाबून काढले ते दिवस. मग भीती बसली. तुझा हात नुसता खांद्यावर आला तरी माझं सगळं अंग आत ओढलं जायचं. तुला वाटायचं मला तुझा कंटाळा आला. कंटाळा नव्हता, तुझी भीती वाटायची मला.

आणि संध्याकाळची ती भांडणं. आमटीत मीठ कमी, पंखा कुणी चालू ठेवला, तुझ्या माहेरच्यांनी लग्नात दिलेलं कपाट. झोपायची वेळ झाली की मी मुद्दाम काहीतरी उकरून काढायचो, म्हणजे तू भिंतीकडे तोंड करून झोपशील आणि मला खाटेवर जायला कारण मिळेल. तू रडायचीस ते मला बाहेर ऐकू यायचं. मी पडून ऐकायचो. मला तेव्हा काही वाटायचं का, ते आठवायचा प्रयत्न करतोय. मोकळं झाल्यासारखं वाटायचं. आणखी काही वाटत असेल तर ते कुठेतरी खाली होतं, माझ्यापर्यंत आलं नाही.

मी


९ मार्च, शुक्रवार

अगं,

मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलो. मूत्रविकाराचे डॉक्टर आहेत, पन्नाशीचे, थोडं ऐकू कमी येतं, त्यामुळे सगळं दोनदा आणि मोठ्याने सांगावं लागतं. मी दीड वर्ष ज्याचा उच्चार केला नाही ते मला तिथे ओरडून सांगावं लागलं. एकदा ओरडल्यावर दुसऱ्यांदा तेवढं अवघड गेलं नाही.

त्यांनी कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, हातमोजा घातला आणि मागच्या वाटेने बोट घालून तपासलं. मी समोरच्या भिंतीवरचं हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र बघत होतो. एका जागी त्यांनी दाबलं आणि मी टेबलाची कड धरली. ते म्हणाले, हेच का? मी म्हटलं, हेच. दुखलं खूप, पण दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी त्या जागेवर बोट ठेवून विचारत होतं.

मग लघवी, रक्त, वीर्य, सोनोग्राफी, सगळं झालं. वीर्य तपासायला बाटली देतात आणि एका खोलीत पाठवतात. त्या खोलीत एक खुर्ची आणि बेसिन आहे. तिथे मी बराच वेळ नुसता बसलो होतो. जास्त लिहीत नाही.

रिपोर्ट काल आले. जंतू नाहीत. गाठ नाही. कॅन्सर नाही. डॉक्टर म्हणाले, आधीही कधी जंतूंचा त्रास असेल असं मला वाटत नाही. म्हणजे त्या गोळ्या मीही फुकट घेतल्या आणि तूही. त्यांनी सांगितलं की हे मनाचं नाही, दुखणं खरं आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, ती आखडून बसली की असं होतं, आणि पुष्कळ पुरुषांना होतं, फक्त येत नाहीत.

कॅन्सर नाही हे ऐकल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मी खाली येऊन बसथांब्यावर बसलो आणि वाट पाहिली. झाला नाही. दोन बस सोडल्या. तिसरीत चढलो कारण पाऊण तास बसून दुखायला लागलं होतं.

सोबत रिपोर्टची झेरॉक्स पाठवतोय. पुरावा म्हणून नाही. बरं, पुरावा म्हणूनच.

पुढे त्यांनी एका फिजिओथेरपिस्टकडे जायला सांगितलंय. चिठ्ठीवर नाव बाईचं आहे. चिठ्ठी शर्टाच्या खिशात आहे. शर्ट धुवायला टाकलेला नाही.

मी


१ एप्रिल, रविवार

अगं,

गेलो त्या बाईकडे. पंधरा दिवस टाळलं आणि मग गेलो.

आपल्या पोरीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मला वाटलं होतं आल्या पावली परत फिरावं लागेल. पण ती कामाची आहे, इकडचं तिकडचं बोलत नाही. आधी सगळं सांगते, आता मी इथे हात लावणार आहे, नको वाटलं तर थांबा म्हणा. मी कधी थांबा म्हटलं नाही. तिने शेवटी विचारलं, तुम्ही नेहमीच असे गप्प राहता का दुखत असताना? मी म्हटलं, सवय आहे. ती म्हणाली, सवयीचंच औषध करायचंय.

तिने कामाचं विचारलं. क्रेन म्हटल्यावर म्हणाली, इथे खुर्चीवर बसून दाखवा कसं चालवता ते. मला हसू आलं. दोन्ही हात दांड्यांवर ठेवल्यासारखे धरले आणि सळ्यांचा एक भारा उचलला, म्हणजे उचलल्याचं नाटक केलं. तिने एक हात माझ्या पोटावर ठेवला होता. भारा वर नेला, फिरवला, माणसांच्या डोक्यावरून नेला, स्लॅबवर टेकवला. मग तिने विचारलं, 'तुम्ही श्वास कधी घेतलात?'

 घेतलाच नव्हता. आम्ही कुणीच घेत नाही. ओझं हवेत असलं की खाली माणसं असतात. जोवर ते टेकत नाही तोवर क्रेनवाल्याचं सगळं अंग आवळलेलं असतं. मला शिकवणारा उस्ताद म्हणायचा, भारा हुकाने नाही, पोटाने धरायचा. मी तेच नवीन पोरांना शिकवलं. दिवसभर भारे उचलायचे, पाणी प्यायचं नाही, लघवी रोखून धरायची. बाई म्हणाली, तुम्ही टेकवता ते ओझं, स्वतःला कधी सोडतच नाही, आणि झोपेतही तुमचे हे स्नायू आवळलेलेच असणार.

व्यायाम असा काही नाही. उताणं झोपायचं, गुडघे वर घ्यायचे, श्वास पोटात खालपर्यंत न्यायचा आणि ती जागा सैल सोडायची. पोरं करतील इतकं सोपं आहे आणि मला येत नाही. सोडा म्हटलं की मी आणखी आवळतो. पंधरा-वीस वेळा केल्यावर एकदा सुटल्यासारखं वाटतं, आणि मग, सांगू का, रडू येतं. दुःखाचं नाही. कशाचं ते माहीत नाही. डोळ्यांतून पाणी येतं आणि कानात जातं. बाई म्हणाली, होतं असं. तिने टिश्यू दिला आणि घड्याळ बघितलं.

आतले स्नायूही ती सैल करते. त्याचं लिहीत नाही. पण तू विचारलंस तर सांगेन. तुला सांगायचं नाही असं आता काही ठेवायचं नाही, एवढं ठरवलंय.

फरक आहे का? थोडा. परवा अर्धा तास तो अंगठा नव्हता. मी भाजी निवडत होतो, आणि नाही हे कळल्यावर हातातली जुडी तशीच ठेवून उभा राहिलो. मग परत आला.

मी


२२ एप्रिल, रविवार

अगं,

बाईने सांगितलंय, पाणी प्यायचं आणि दर दोन तासांनी खाली उतरायचं. मी म्हटलं शक्य नाही. ती म्हणाली, मग मी पण काही करू शकत नाही.

साइटवर खालून मला सिग्नल देणारा माणूस तुला माहीत आहे, ज्याला सगळे शिट्टी म्हणतात. वॉकीटॉकी यायच्या आधी तो शिट्टीवर काम चालवायचा. आम्ही बारा वर्षं एकत्र आहोत आणि वर घे, खाली घे, थांब यापलीकडे आमचं बोलणं नाही. सोमवारी मी वॉकीटॉकीवर म्हटलं, शिट्टी, काम थांबव, मी उतरतोय. तो म्हणाला, काय झालं, क्रेन बिघडली का? मी म्हटलं, नाही, लघवीला जायचंय. हे सगळ्या साइटला ऐकू जातं. काँक्रीटवाल्यांपासून इंजिनियरपर्यंत सगळे एकाच चॅनेलवर असतात.

हसले, हसायचेच. मी उतरेपर्यंत कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं होतं. शिट्टी जवळ आला आणि हळू म्हणाला, 'किती दिवस दुखतंय?' मी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, वर्षभर भारा टेकवताना तू शेवटी धक्का देतोस, आधी द्यायचा नाहीस, मला वाटलं घरी काहीतरी आहे. त्याला मी सगळं सांगितलं, तिथेच, सळ्यांच्या ढिगावर उभं राहून. तो ऐकत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, वहिनींना सांगितलंस का? मी म्हटलं, लिहिलंय.

बुधवारी दुसऱ्या क्रेनचा माणूसही उतरला. त्यालाही टाळ्या पडल्या. शुक्रवारी कुणी वाजवल्या नाहीत.

दुखणं गेलेलं नाही. बाई म्हणते महिने लागतील, पूर्ण जाईल असं ती लिहून देत नाही. काही दिवस हलके जातात, काही जात नाहीत. हे तुला आधीच सांगून ठेवतो, म्हणजे परत आलीस आणि मी बरा झालेलो नाही असं नको व्हायला.

परत आलीस, असं मी लिहिलं. खोडत नाही. मला तू घरी यायला हवी आहेस. हे पहिल्या पत्रात पहिल्या ओळीत लिहायचं होतं. तू नाही म्हणालीस तरी मी त्या बाईकडे जात राहीन, ते तुझ्यासाठी नाही. पण घरात मी एकटा आहे आणि मला काही वाटत नाही, आणि काही वाटत नाही याचं आता वाईट वाटायला लागलंय.

माझ्यावर विश्वास ठेव असं मागायचा मला हक्क नाही. रिपोर्टवर ठेव.

मी


३० एप्रिल, सोमवार

अहो,

सगळी पत्रं वाचली, आली तशी वाचली. ताईने एकही वाचलेलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या मनात ते आधी आलं असणार.

रिपोर्टची झेरॉक्स पाठवलीत, बरं केलंत. आता माझं ऐका. गोळ्यांचं कळल्यावर मी काय केलं, हे तुम्ही एवढ्या पत्रांत एकदाही विचारलं नाहीत.

मी तपासून घेतलं. इथे आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. ताईला सांगितलं चष्म्याचा नंबर बघायला जाते, आणि सरकारी दवाखान्यात गेले. तिथे बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना आपल्या पोरीच्या वयाच्या मुली. नर्सने विचारलं, नवऱ्याचे बाहेर संबंध आहेत का? मी म्हटलं, माहीत नाही. पंख्याचा आवाज होता, तिला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मग टेबलावर झोपवलं. तुम्ही तुमच्या डॉक्टरकडे भिंतीवरचं चित्र बघत होतात ना, मी पत्र्याचं छत बघत होते.

रिपोर्ट चांगला आला. मला खरा वाटला नाही, म्हणून महिन्याने परत गेले. तोही चांगला आला. तरी मी ताईच्या घरात माझा टॉवेल, माझा साबण वेगळा ठेवत होते. ताईला वाटलं मला तिची किळस येते. त्यावरून आमच्यात दोन दिवस धुसफूस झाली. तुम्हाला लाज वाटली म्हणून तुम्ही बोलला नाहीत. ती लाज मग मी वाहिली, आणि ती कशाची आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. हे मी विसरेन असं समजू नका.

संध्याकाळची भांडणं तुम्ही मुद्दाम काढत होतात, हे मला तेव्हाच कळत होतं. आमटीत मीठ बरोबर असायचं. मला वाटायचं मी आता जाड झाले, माझे केस गेले, म्हणून. आरशासमोर उभी राहून मी काय काय बघितलं असेल याचा विचार करा एकदा.

आणि त्या गोळ्या. तुम्ही नुसतं म्हणाला असतात की डॉक्टरने दोघांना दिल्यात, मला काही विचारू नकोस, तरी मी घेतल्या असत्या. रागावले असते, चार दिवस बोलले नसते, पण घेतल्या असत्या. एवढ्या वर्षांत तुम्हाला एवढंही ठाऊक नव्हतं, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. दुसऱ्या बाईचाही इतका आला नसता.

तुमच्या त्या फिजिओ बाईला भेटायचंय मला. ती काय करते ते तिच्याकडूनच विचारून घेईन, तुम्ही अर्धं सांगाल. त्या शिट्टीलाही एकदा जेवायला बोलवा. बारा वर्षांत त्याला घर दाखवलं नाहीत.

मी शनिवारी दुपारच्या बसने येते आहे. मन साफ झालंय म्हणून येत नाही, तिथे राहून रागावणं मला सोपं पडेल म्हणून येते आहे. मेल्या कुंडीतली माती फेकू नका. भात मी लावीन.

बाहेरच्या खोलीतली खाट उचलून शेजाऱ्यांना द्या, नाहीतर विका. आत झोपायचं. माझ्या अंगाला हात लावायची गरज नाही, मीही लावणार नाही, तुम्ही म्हणेपर्यंत. पण दुखलं की मला उठवा.